वय थांबले, तर वारसा नोंदीचे काय?

वार्धक्य हा बरा होणारा आजार ठरला की मृत्यू केवळ अपघातानेच येईल, हे विधान मला घाईचे वाटते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवून दिले की माणसाची सर्वसाधारण पेशी प्रयोगशाळेत सुमारे 40 ते 60 वेळा विभागून थांबते. गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक आवरणे, म्हणजे टेलोमिअर, झिजत जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) सरसकट चालू करावे म्हटले, तर कर्करोगाचा धोका आहे, कारण बहुतेक कर्कपेशी अमर्याद वाढण्यासाठी नेमका त्याचाच आधार घेतात.

परिणामांबाबत मात्र अमरत्वापर्यंत जायलाही नको. फ्रान्समधील जान कालमां या 90 वर्षांच्या बाईंचे घर 1965 मध्ये एका वकिलाने त्यांच्या हयातीपर्यंत दरमहा रक्कम देण्याच्या कराराने घेतले. ताबा बाईंच्या पश्चात मिळायचा होता, पण वकीलच आधी, 1995 मध्ये वारले, बाई 1997 मध्ये, वयाच्या 122व्या वर्षी. आमच्या खानापूर-बेळगाव भागात वडिलांच्या नावावरचा उतारा बहुधा त्यांच्या पश्चातच मुलाच्या नावे होतो, आणि तोवर पन्नाशीतला मुलगा पीककर्जासाठी वडिलांना हाताला धरून सोसायटीत नेतो. दोन एकरांवर पाच पिढ्या एकाच वेळी हयात असतील, तर वाटणी कोणी कोणाकडे मागायची? (बांधाचे तंटे तर आताच अमर आहेत.) शिवाय असे उपचार आरंभी परवडतील ते जमीन असणाऱ्यांना, शेतमजुरांना नव्हे, तेव्हा हयातीतील हस्तांतरणाचे नियम औषधाच्या आधी ठरवावे लागतील.