मदत हवी आहे : पाड्याची वस्ती अडीचशेच्या आत म्हणून रस्ता अडलाय

नमस्कार मंडळी,

आमचा पाडा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीकडच्या डोंगरात. घरं बावन्न. डांबरी फाट्यापासून साडेतीन किलोमीटर पायवाट, मध्ये दोन नाले. उन्हाळ्यात मोटरसायकल कशीबशी येते, जून ते दिवाळी पायीच. चार पोरी हायस्कूलला जातात. त्यांना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडी फाट्यावर. पावसात दप्तर खताच्या गोणीत आणि चपला हातात.

मागच्या श्रावणात वहिनीला कळा सुरू झाल्या. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि आळीपाळीने निघालो. दुसऱ्या नाल्याला कमरेच्या वर पाणी. ते उतरेपर्यंत तासभर काठावर बसून राहिलो, १०८ ची गाडी पलीकडे फाट्यावर उभी. पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

आता मुद्द्याचं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. सपाटीला ५०० लोकवस्ती लागते, आमच्यासारख्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी भागाला २५०. आकडा २०११ च्या जनगणनेचा. चौकशीला गेलो तर तोंडी उत्तर मिळालं, "थोडक्यात कमी पडताय."

कमी का पडतो ते आम्हाला माहीत आहे. मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला. फेब्रुवारीत पाड्यात असतं कोण? भात-नागली घरात आली की अर्धा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर. माणसं परततात होळीला, आणि त्या साली होळी होती १९ मार्चला. त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, तो घरच्या यादीत येत नाही, जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे आमची माणसं द्राक्षवाल्या गावांच्या खात्यात. तिथे रस्ते आधीच आहेत म्हणा.

हा आकडा दुरुस्त होतो का? रेशनकार्ड, मतदार यादी, रोजगार हमीची जॉबकार्डं हे सगळं जोडलं तर कोणी बघतं का? अर्ज नेमका कुणाकडे करायचा? पुढची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, २०२७ च्या.

---

प्रतिसाद : ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. जनगणनेचा आकडा बदलत नाही, त्यामागे लागू नका. पण जनगणना छापते ती महसुली गावाची लोकसंख्या, पाड्याची वेगळी नाही. तेव्हा तुमच्या पाड्याचा आकडा कुणी, कशावरून काढला, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. तोंडी उत्तरावर कधीही परत फिरू नये.

दुसरं, या योजनेत एकक गाव नसून वस्ती असते, आणि ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरून लोकसंख्या मोजायची मुभा मूळ नियमांतच आहे. शेजारी पाडा आहे का? असला तर दोघांची बेरीज दाखवून ग्रामसभेचा ठराव घ्या. वाट वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. ग्रामसभेच्या शिफारशीवर रस्त्यासाठी एक हेक्टरच्या आतली जमीन मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील तर. साडेतीन किलोमीटरला तेवढी पुरते का, ते आधी रुंदी धरून मोजून घ्या.

प्रतिसाद : २०२७ साठी आत्ताच ठरवून ठेवा. त्या दिवसांत प्रत्येक घरातली सगळी माणसं एकदा तरी मुक्कामाला यायला हवीत. बागेवरच्या मुकादमाला आधी सांगा, ऐन तोडणीत तो सुट्टी सहजी देणार नाही.

धागाकर्ता : काका, फार उपकार झाले. आज पहिल्या नाल्यापलीकडच्या पाड्यापर्यंत मोबाइल हातात धरून चालून पाहिलं, ४६० मीटर भरलं. वीस-बावीस घरं आहेत तिकडे. अडचण एकच, त्यांची ग्रामपंचायत वेगळी. अशा वेळी दोन ग्रामसभांचे दोन ठराव चालतात का?