मदत हवी आहे: प्रोटोबफच्या दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतात

मंडळी, मुंबई लोकलच्या वेळापत्रकाचा स्कीमा (डेटाची रचना) प्रोटोबफमध्ये, म्हणजे गूगलच्या डेटा साठवायच्या-पाठवायच्या फॉरमॅटमध्ये आहे. एका फाइलीत 'स्थानक' मेसेज (फील्ड्सचा एक गट), त्यात मार्गांची यादी. दुसरीत 'मार्ग', त्यात स्थानकांची यादी. दादर मध्य आणि पश्चिम दोन्हींवर असल्याने दुवा दोन्हीकडून लागतो. पण फाइल फिरून स्वतःलाच इम्पोर्ट करते म्हणून प्रोटोसी (प्रोटोबफचा कंपायलर) अडतो, आणि सी++सारखं फॉरवर्ड डिक्लरेशन (व्याख्येआधी नुसतं नाव जाहीर करणं) इथे नाही.

दोन्ही मेसेज एका फाइलीत टाकले की कंपाइल होतं, क्रम कसाही चालतो. पॅकेज, फील्ड क्रमांक आणि टाइप तेच ठेवले तर वायरवरचे, म्हणजे प्रत्यक्ष पाठवले जाणारे, बाइट बदलत नाहीत. जावात मात्र मल्टिपल फाइल्सचा ऑप्शन (प्रत्येक मेसेजचा क्लास वेगळ्या फाइलीत) लावलेला नसेल तर बाहेरच्या क्लासचं नाव बदलतं आणि अँड्रॉइडवाल्यांचा बिल्ड तुटतो.

खरं दुखणं पुढेच. दादरमध्ये पश्चिम मार्ग, त्यात पुन्हा दादर, त्यात पुन्हा मार्ग... वायरवर पॉइंटर नसतो, प्रत्येक वेळी पूर्ण प्रत भरावी लागते. सी++ आणि जावात पार्सरची (बाइट वाचणाऱ्या कोडची) एकात एक मेसेजची डीफॉल्ट मर्यादा १०० पातळ्या, त्यापुढे पार्सिंग फसतं.

म्हणून 'मार्ग'मध्ये फक्त स्थानकाचा आयडी ठेवायचा विचार आहे. तो नुसता स्ट्रिंग ठेवावा की एका फील्डचा वेगळा मेसेज? मेसेज केला तर मार्गाचा आयडी चुकून स्थानकाच्या जागी बसत नाही, पण छोट्या आयडीमागे दोन बाइट जास्त जातात. आणि यादीत नसलेल्या स्थानकाचा आयडी आला, तर तो तुम्ही सर्व्हरवर अडवता की क्लायंटमध्ये?