सोसायटीच्या ओपन स्पेसवर सोलर शेड आणि खाली पार्किंग चालतं का? (पुणे)

सचिव_कोथरूड
प्लॉट ५२०० चौ.मी., मंजूर ले-आउटमध्ये ५२० चौ.मी. ओपन स्पेस. सध्या तिथे हिरवळ, बाकडी, थोडी झाडं. सभेपुढे ठराव आलाय की तिथे लोखंडी शेड मारायची, वर पॅनल, खाली गाड्या. कॉमन मीटरचा वापर महिन्याला ३००० युनिट (लिफ्ट, पंप, जिने). टेरेसवर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटेच्या तुकड्यांचा थर) आहे, गळतीच्या धास्तीने पॅनल वर नको म्हणतात. शिवाय आग्नेयेच्या आंब्याची सावली टेरेसवर येते, म्हणून तो तोडा अशीही सूचना आहे. नियम काय सांगतो?

नकाशा_आधी
पार्किंगची शेड तिथे बसत नाही. ४००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जागेला १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते (युडीसीपीआर म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, नियम ३.४). तुमचे ५२० त्यातूनच आलेत. या जागेत बांधकामाला वाव आहे, पण मोजका: जास्तीत जास्त दोन मजली, एकूण १५ टक्के, त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे तुमच्याकडे ७८ आणि ५२ चौ.मी. आणि तेही व्यायामशाळा, क्लब हाउस, वाचनालय अशा वापराला. पाण्याची टाकी, सबस्टेशन, पंपघर यांसारख्या सोयी रहिवाशांच्या संमतीने होतात. सोलर शेडही त्याच खात्यात घालू असं कोणी सुचवेल. खाली गाड्या लागल्या की ते पार्किंगच.

सभेत शंभर टक्के मतं पडली तरी मंजूर नकाशा बदलत नाही. परवानगीशिवाय शेड उभी राहिली आणि एकाही सभासदाने तक्रार केली, तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, विनापरवाना बांधकाम काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. युडीसीपीआर डिसेंबर २०२० पासूनची आहे. तुमचा नकाशा त्याआधीचा असेल तर बांधकाम परवानगी विभागातून मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखल्याची प्रत काढा, अटी त्यावर लिहिलेल्या असतात. 'जमिनीऐवजी पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर) बाग करून देतो' असा प्रस्ताव आला तर २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा कोहिनूर सीटीएनएल प्रकरणातला निकाल बघा. तो मुंबईच्या नियमांवरचा आहे, पण किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं, हे त्यात स्पष्ट आहे.

सौर_मिस्त्री
टेरेसच योग्य. पुण्यात १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, महिन्याला ११५-१२०. ३००० युनिटांना २५ किलोवॉट लागतील, म्हणजे सावली नसलेली सुमारे २५० चौ.मी. जागा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, तुम्हाला साडेचार लाख. पॅनल मात्र डीसीआर म्हणजे देशी सेलचेच हवेत. कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

गळतीची भीती खरी आहे, पण कारण पॅनल नाही, ड्रिल आहे. कोब्यात अँकर बोल्ट ठोकला की विटेच्या तुकड्यांमधून पाणी आडवं पसरतं आणि बोल्टपासून तीन मीटरवरच्या छताला ओल दिसते. मग गळती शोधता शोधता नाकी नऊ येतात. कोब्याला हातच लावायचा नसेल तर १० अंश कलाची बुटकी चौकट वजनाच्या ब्लॉकवर ठेवा. स्लॅबवर किती भार येतो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. खालून चालता येईल अशी आठ फुटी चौकट हवी असेल तर नुसत्या ब्लॉकवर ती उभी करू नका, वारा खालून उचलतो. बीम-कॉलमच्या डोक्यावर तेवढाच कोबा फोडून स्लॅबला सळ्या बांधा, ३०० बाय ३०० मि.मी.चा आरसीसी ठोकळा ओता, चहूबाजूंनी वाटा (सांध्यावर सिमेंटची गोलाई) काढा. नंतर ४८ तास पाणी साठवून बघा आणि मगच चौकट चढवा. हिशेबात आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मधला पुण्याचा वारा, सेकंदाला ३९ मीटर, धरलाय का ते विचारा. बरेच ठेकेदार तयार ड्रॉइंगच पुढे करतात.

लोखंड हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या, थर ८० मायक्रॉन. गंज पहिल्यांदा साइटवर कापलेल्या टोकांना आणि पाडलेल्या भोकांना लागतो. मापं आधी घेऊन भोकं कारखान्यातच पाडून आणा.

पानगळ
आंबा तोडायची गरजच नाही, आधी सावली मोजा. झाड टेरेसच्या पातळीवरून ४ मीटर वर असेल तर २१ डिसेंबरला सूर्यवेळेच्या सकाळी ९ वाजता सावली वायव्येकडे सुमारे ७ मीटर जाते, भर दुपारी उत्तरेकडे ३.६ मीटर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो, म्हणजे सावली दक्षिणेला, टेरेसपासून दूर पडते. म्हणून झाडाजवळचा तेवढा पट्टा सोडा, किंवा तिथल्या पॅनलची स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली माळ) इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीला (जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या इनपुटला) जोडा. नाहीतर एका पॅनलवरची सावली अख्ख्या स्ट्रिंगची वीज खाली ओढते.

१९७५ च्या वृक्ष कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही 'तोडणं'च आहे. म्हणून छाटणीचासुद्धा अर्ज उद्यान विभागाकडे करा. झाड ५० वर्षांचं किंवा जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्ष. तोडायची परवानगी मिळाली तरी झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या आंब्याला चाळीस रोपं. कुठे लावणार?

सचिव_कोथरूड
कॉमन मीटरचा मंजूर भार १५ किलोवॉट आहे. २५ चं सोलर चालेल?

सौर_मिस्त्री
नाही, सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. भारवाढीचा अर्ज आधी टाका, फिक्स्ड चार्ज किती वाढतो तो हिशेबात धरा. १५ मध्येच भागवायचं असेल तर महिन्याला साधारण १७५० युनिट निघतील आणि जागा १५० चौ.मी. पुरेल, मग आंब्याकडचा पट्टा लागणारच नाही.