शोची तारीख हलत नाही, रंग घाई ऐकत नाही, मग दरवेळी घरानेच का हलायचं?

ओलाकॅनव्हास:
थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या. मी तैलरंगात काम करते. सोलो शो, म्हणजे फक्त माझ्या चित्रांचं प्रदर्शन, चौदा आठवड्यांवर आलाय, अठरा चित्रं कबूल केलीत, अकरा झालीत आणि त्यातली दोन मला स्वतःलाच पटत नाहीयेत, म्हणजे खरं तर नऊच. त्यात परवा एका ग्रुप शोसाठी विचारणा आली, सोलो संपल्यावर पाच आठवड्यांनी, तीन नवीन कामं हवीत म्हणे. घरात सहा वर्षांची मुलगी, नवऱ्याची शिफ्टची नोकरी. मी ग्रुप शोला नाही म्हणायचं ठरवलंय आणि ओळखीतले सगळे चित्रकार मला वेड्यात काढतायत.

माझं म्हणणं सरळ आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो पण जाड थराला आठवडे लागतात आणि शेवटचं वार्निश तर रीतीप्रमाणे सहा महिने ते वर्षभराने. म्हणजे कागदावर चौदा आठवडे असले तरी शेवटचे तीन-चार आठवडे जाड काम करताच येत नाही, ओला कॅनव्हास पॅक कसा करणार? राहिले दहा. रंग ऐकत नाही, तारीख ऐकत नाही, मग ऐकून कोण घेतं तर घरचे. मागच्या शोच्या वेळी मुलीला ताप होता आणि मी ग्लेझिंग (पातळ पारदर्शक रंगाचे थर देणं) अर्धवट सोडता येत नाही म्हणून स्टुडिओतच होते, ती झोपल्यावर बाहेर आले. ते अजून जात नाही मनातून.

म्हणून माझं मत: मुलं लहान असताना दोन वर्षांत एक सोलो आणि बाकी सगळ्याला नाही. शो किती घ्यायचे हे एकट्या कलाकाराने ठरवायचं नसतं, त्याची किंमत घरातले सगळे मोजतात. तुम्हाला पटतंय का?

छिन्नी_हातोडा:
अजिबात नाही पटलं ताई, आणि रागावू नका पण हे मत धोक्याचं आहे. मी दगडात काम करतो, वीस वर्षं. या क्षेत्रात एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारत नाहीत, त्यात कुणाचा आकस नसतो, लोक फक्त विसरतात. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थला आधीचा एक मुलगा होताच, त्यात १९३४ साली तिळी झाली. काही काळ ती तिघं बाळं सांभाळणाऱ्या एका नर्सरीत राहिली, पण बाईने शिल्प सोडलं नाही, मुलं थोडी मोठी होईपर्यंत थांबू असं म्हणाली नाही. आज आपण तिचं नाव घेतो ते त्यामुळेच. आणि उलट उदाहरण बघा, फ्रेंच चित्रकार बेर्थ मोरिझो आणि तिची बहीण एडमा दोघी बरोबर चित्रकला शिकल्या, दोघींची कामं प्रदर्शनात लागायची, एडमाने लग्नानंतर व्यावसायिक काम थांबवलं. मोरिझोचं पाळण्याचं ते १८७२ चं प्रसिद्ध चित्र आहे ना, त्यात पाळण्यापाशी बसलेली बाई म्हणजे ही एडमा. चित्र काढणारी लक्षात राहिली आणि बसलेली चित्रात राहिली. मला ते चित्र बघितलं की दरवेळी कसंतरी होतं.

ओलाकॅनव्हास:
दादा, उदाहरण चांगलं दिलंत पण अर्धंच दिलंत. मोरिझोला १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली आणि १८७९ च्या इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे तिच्या चित्रकार गटाच्या, प्रदर्शनात ती नव्हती. एकूण आठ प्रदर्शनं झाली, त्यातलं तेवढं एकच तिने सोडलं, पुढच्या वर्षी परत हजर. आणि त्यानंतर मुलीलाच किती वेळा रंगवलं तिने! म्हणजे एक प्रदर्शन सोडणं आणि चित्र सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एडमा व्हायचं म्हणतच नाहीये, मी ते १८७९ मागतेय.

तारेचं_विणकाम:
मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही स्टुडिओ आणि घर या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं धरून चाललाय. अमेरिकन शिल्पकार रूथ असावाला सहा मुलं होती, घरातच तार विणायची, तारेच्या एवढ्या मोठ्या लोंबत्या आकृत्या मुलं आजूबाजूला असतानाच झाल्या. तार हातातून खाली ठेवली तरी बिघडत नाही, परत उचलली की तिथून पुढे. मी स्वतः कापड आणि तारेत काम करते ते याचसाठी, मुलगा झाल्यावर मुद्दाम माध्यम बदललं, आधी मोठे कॅनव्हास करायचे. लोक म्हणाले तडजोड केलीस, पण माझं खरं काम या बदलानंतरच सुरू झालं असं मला मनापासून वाटतं. दार उघडं ठेवा. मुलांना काम दिसू दे. बंद दाराला मुलं घाबरतात, कामाला नाही.

भट्टीचं_तोंड:
उघडं दार सगळ्यांना जमत नाही हो, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मातीकामाच्या खोलीत सुकलेल्या मातीची जी बारीक धूळ असते तिच्यात सिलिका असते, ती फुफ्फुसात जाते, म्हणून आम्ही झाडू मारत नाही, ओल्या फडक्यानेच पुसतो. भांड्यांना चकाकी देणाऱ्या ग्लेझची पावडर आणखी वेगळी. वर ताईंचे तैलरंग, त्यात कॅडमियमसारखा विषारी धातू, टर्पेंटाइनचा वास, आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या फडक्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेट घेतात हे कितीतरी जणांना माहीतच नसतं! पाण्यात बुडवून ठेवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. अशा खोलीत सहा वर्षांचं मूल? नको. दार बंदच हवं. फक्त ते किती वाजता उघडणार हे मुलाला माहीत हवं, आणि त्या वेळेला ते उघडलंच पाहिजे.

आणि भट्टी काय शिकवते ते सांगतो. हजाराच्या वर अंश गेलेली भट्टी थंड व्हायला रात्र किंवा पूर्ण दिवस घेते, उद्घाटन जवळ आलं म्हणून दार लवकर उघडलं की भांडी तडकतात. मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा शोच्या निम्म्या वस्तू गेल्या.

घरातला_दुसरा:
मी कलाकार नाही, बायको चित्रकार आहे. इथे सगळे कलाकारच बोलतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

शोच्या आधी ती घरात असते पण नसते. समोर बसलेली असते, मी काहीतरी सांगत असतो, ती हो म्हणते आणि डोळे भिंतीवर, तिथे काहीच नसतं, तिला तिथे चित्र दिसत असतं. मला याचा राग यायचा पूर्वी. मग एका शोच्या आधी मी आठवडाभर सुट्टी घेऊन तिच्यासोबत फक्त बाकीची कामं केली आणि तेव्हा कळलं की चित्र काढणं हा किती छोटा भाग आहे, फ्रेमवाल्याकडे फेऱ्या, प्रत्येक चित्राचा मागूनपुढून फोटो, कुठे ओरखडा आहे का त्याची नोंद, लेबलं, मापं, किमतींची यादी, गॅलरीशी करार, आणि विकलं गेलं तर बऱ्याच ठिकाणी चाळीस-पन्नास टक्के त्यांचे. यातलं निम्म्याहून जास्त काम मी करू शकतो, ब्रशला हात न लावता! ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता ते सगळं माझ्याकडे आहे.

छिन्नीदादा, तुम्ही हेपवर्थचं सांगितलंत, मी फ्रेंच चित्रकार गोगँचं सांगतो. बायको आणि पाच मुलं युरोपात ठेवून १८९१ मध्ये ताहितीला गेला. चित्रं महान आहेत, मी नाकारत नाही. पण त्या पाच मुलांना विचारायला कुणी गेलं का? आपण चित्र बघतो आणि हिशेब मिटला म्हणतो. मला नाही मिटलेला वाटत. ओलाकॅनव्हास ताई, नाही म्हणा ग्रुप शोला, पण त्याआधी नवऱ्याला यादी द्या.

छिन्नी_हातोडा:
गोगँशी तुलना नको, त्या माणसाचं समर्थन मी करणार नाही. पण एक सांगू का, नाही म्हणायचा सल्ला नेहमी बायकांनाच जास्त मिळतो. माझ्या दोन मुलांच्या वेळी मला एकानेही म्हटलं नाही की यंदा शो सोडा. एकानेही नाही. बायकोने तिचं प्रिंटमेकिंग बंद केलं आणि ते कुणाच्या, माझ्याही, लक्षात आलं नाही, तिची छपाईची प्रेस अजून घरात आहे, तिच्यावर कपडे वाळत टाकतो आम्ही. म्हणून मी ताईंना भांडून सांगतोय, शो सोडू नका. सहज जमेल असं मी म्हणत नाहीये, सोडलेलं परत धरता येत नाही हे मी घरात बघितलंय म्हणून बोलतोय.

ओलाकॅनव्हास:
दादा, तुमची वरची पोस्ट वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. वहिनींना एकदा विचारा तरी प्रेसबद्दल.

खिळा_आणि_लेव्हल:
मी प्रदर्शनं लावतो, भिंती, दिवे, टांगणं हे माझं काम. एक वेगळाच मुद्दा. अठरा चित्रं कुणी सांगितली? भिंत किती फूट आहे ते विचारलंत का? चित्राचा मध्य साधारण दीड मीटरच्या आसपास धरतो आम्ही आणि दोन चित्रांमध्ये श्वास घ्यायला जागा लागते, मोठे कॅनव्हास असतील तर बारा-तेरामध्ये हॉल भरतो आणि चांगला दिसतो. दाटीवाटीने लावलेली अठरा चित्रं मी कितीतरी वेळा उतरवलीत, उद्घाटनाच्या आदल्या रात्री, कलाकार रडत असतो कारण शेवटची चार त्याने जागून केलेली असतात आणि नेमकी तीच काढावी लागतात. ती चारच सगळ्यात कच्ची असतात हो, उगाच नाही सांगत. वार्निशचं म्हणाल तर स्पर्शाला कोरडं झालं की रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा, पातळ हात देऊन लावता येतं, पक्कं वार्निश नंतर करा, घेणाऱ्याला तसं लिहून द्या. ग्रुप शोला नवीनच काम हवं हा हट्टही बऱ्याचदा बोलून सुटतो, विचारून बघा.

ओलाकॅनव्हास:
हे मला सुचलंच नव्हतं. अठरा हा आकडा मीच दिला होता दोन वर्षांपूर्वी, मागच्या शोला सोळा होती म्हणून त्याहून जास्त. कारण एवढंच.

काल गॅलरीला फोन केला, चौदावर आणलं, त्यांनी दोन मिनिटांत हो म्हटलं. ग्रुप शोला लिहिलंय की नवीन तीन नाही जमणार, आधीचं एक देते, चालत असेल तर. उत्तर अजून नाही आलं, नाही म्हणाले तर नाही. छिन्नीदादा, तुमचं म्हणणं मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण पहिल्या पोस्टमधलं "बाकी सगळ्याला नाही" मी मागे घेते. आणि नवऱ्याला यादी दिली, तो म्हणाला फ्रेमवाल्याचा नंबर पाठव.

स्टुडिओ नऊ ते दोन, दार बंद, संध्याकाळी नाही. मुलीने दारावर लावायला घड्याळ काढून दिलंय, दोन्ही काटे बरोबर दोनवर, एकावर एक. आता उठते, त्या न पटलेल्या दोनपैकी एकावरचा हिरवा खरवडायचाय आणि अडीचला शाळेच्या गेटवर पोचायचंय.