गोव्यातून हवामानशास्त्राकडे जाताना पदवीला कोणता विषय घ्यावा?

सत्तरीकर:
नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातला असून यंदा विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा देणार आहे. पुढे हवामानशास्त्रात एम.एस्सी. करण्याचा विचार पक्का आहे. परंतु गोव्यातील महाविद्यालयांत या विषयाची स्वतंत्र पदवी मला आढळली नाही. हवामान हा भूगोलाचाच भाग असल्याने भूगोल घेऊन पदवी करावी, असे घरच्यांचे मत आहे. आमचे सर मात्र भौतिकशास्त्र घ्यायला सांगतात. गणितात मी बरा आहे, फार हुशार नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाणलोट:
तुमच्या सरांचे म्हणणे योग्य आहे. पदवीला भौतिकशास्त्र मुख्य विषय म्हणून घ्या आणि गणित शेवटपर्यंत सोडू नका. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील हवामानशास्त्राची एम.एस्सी. आणि विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील हवामानशास्त्र व सागरविज्ञान विभाग, या तिन्ही ठिकाणी अभ्यासक्रमाची सुरुवातच ऊष्मागतिकी (उष्णता व ऊर्जेचे शास्त्र) आणि फ्लुइड डायनॅमिक्स (द्रव व वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र) यांपासून होते. मी स्वतः पुण्यात शिकलो. पहिल्या सत्रात ढगांविषयी ऐकायला मिळेल या अपेक्षेने आलेल्यांसमोर पहिल्याच आठवड्यात अवकल समीकरणे येऊन उभी राहतात.

गणित का लागते, ते गोव्याच्याच उदाहरणाने सांगतो. पृथ्वीच्या परिवलनाचा वाऱ्यावर होणारा परिणाम अक्षांशाच्या साइनप्रमाणे बदलतो. गोव्याचा अक्षांश साधारण १५.५ अंश, त्याची साइन ०.२७ च्या आसपास. ४५ अंशांवर हीच किंमत ०.७१ होते. म्हणजे फ्रान्समध्ये हा परिणाम जितका असतो, त्याच्या दोन-पंचमांशही तो आपल्याकडे नसतो. त्यामुळे समदाबरेषांचा (सारखा हवेचा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा पाहून तिकडे वाऱ्याचा जो अदमास सहज बांधता येतो, तो विषुववृत्ताकडे सरकावे तसा अविश्वसनीय होत जातो. बरीचशी पाठ्यपुस्तके मध्य अक्षांशांतल्या हवामानावर बेतलेली असल्याने त्यांतले कोणते सूत्र इथे चालेल आणि कोणते चालणार नाही, हे ज्याला गणित वाचता येते त्यालाच कळते. फार हुशार असण्याची गरज नाही, नेटाने गणिते सोडवण्याची सवय मात्र हवी.

फोंड्याची शिक्षिका:
मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. वरील मताशी सहमत आहे, पण भूगोलाला इतके सहज बाजूला सारू नये असे वाटते. नकाशा वाचणे आणि भूरचना समजून घेणे या गोष्टी भूगोलाचे विद्यार्थी आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा निश्चितच चांगल्या करतात. एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या अटींमुळे भौतिकशास्त्र घ्यावेच लागेल; भूगोल किंवा भूगर्भशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेता आल्यास अवश्य घ्यावा.

तुम्ही सत्तरीत राहता, ही तर पर्वणीच आहे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील वेधशाळेचा आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या तुमच्या तालुक्यातील वाळपईचा रोजचा पाऊस शेजारी-शेजारी लिहून ठेवायला आतापासूनच सुरुवात करा. एक काळजी घ्या: सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आदल्या २४ तासांचा असतो, त्यामुळे १४ तारखेच्या रात्री कोसळलेली सर १५ तारखेच्या आकड्यात येते. ही नोंद पावसाळाभर ठेवलीत, की पाठ्यपुस्तकातले 'वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि पाऊस पडतो' हे वाक्य किती अपुरे आहे ते दिसेल. ते चूक नाही; घाट ओलांडून बेळगावहून धारवाडकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो, हे आपण सारेच पाहतो. पण तसे असूनही काही दिवशी पणजीत वाळपईपेक्षा जास्त पाऊस का होतो? किनाऱ्याला समांतर पसरलेला कमी दाबाचा पट्टा, समुद्रावरच तयार होणारे ढग, आणि अरबी समुद्रावरून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांतील चढउतार यांचा विचार केल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला प्रश्न बाहेर शोधायला नको.

दोनापावला:
नोकरीविषयी थोडक्यात. भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक साहाय्यक या पदासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या आजवरच्या जाहिरातींत भौतिकशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि प्रथम श्रेणी चालत आलेली आहे. हवामानशास्त्राचे प्रशिक्षण निवडीनंतर विभागच देतो. संशोधन करायचे असल्यास गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेतील 'वातावरण व सागर विज्ञान' हा भाग पाहून ठेवा. गोवा सोडायचाच नसेल, तर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. करता येते. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे आहे, आणि अंटार्क्टिकातील मैत्री व भारती या तळांचे काम पाहणारे ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोत आहे. मान्सूनचा अभ्यास समुद्राकडून सुरू करणे हा मार्ग मला तरी दुय्यम वाटत नाही.

सत्तरीकर:
सर्वांचे मनापासून आभार. भौतिकशास्त्रच घेण्याचे ठरवले आहे. प्रोग्रॅमिंग आताच शिकायला हवे का?

पाणलोट:
हो, पायथॉनपासून सुरुवात करा. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या हवामानाच्या अनेक संगणकीय मॉडेलांचा गाभा अजूनही फोरट्रानमध्ये असला, तरी ते नंतर शिकता येते. सरावासाठी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने उपलब्ध करून दिलेली, १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची अक्षांश-रेखांशांच्या पाव-पाव अंशाच्या चौकोनांतली माहिती उतरवून घ्या. तिच्यातला एक चौकोन आपल्या भागात साधारण साडेसातशे चौरस किलोमीटरचा पडतो आणि साऱ्या गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्खा गोवा जेमतेम पाच चौकोनांएवढा. शिक्षिकाबाईंनी सांगितलेली वाळपईची नोंद तिथल्या चौकोनाच्या आकड्याशी ताडून पाहा; दोन्ही बहुधा जुळणार नाहीत, आणि ती तफावत कुठून येते हे शोधणे हाच पहिला प्रोग्रॅम समजा.