जुन्या गाडीला एसी, तोही घरीच

अमेय (बी-३०२): मंडळी, माझ्या जुन्या गाडीला एसी बसवायचाय. युनिव्हर्सल किट मिळतंय. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल, ओल शोषणारा ड्रायर, पाईप, सगळं एका खोक्यात. पार्किंगमध्ये स्वतःच बसवावं म्हणतोय. कुणी केलंय का?

समीर (ए-१०४): खोक्यात सगळं असतं रे, फक्त तुझ्या इंजिनाला बसणारं ब्रॅकेट नसतं.

सानप काका (सी-२०१): बसव की. पण ऑर्डर टाकायच्या आधी सांग, रेडिएटर शेवटचा कधी साफ केलास? आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किती अँपिअरचा?

अमेय: रेडिएटरचं आठवत नाही काका. अल्टरनेटरवर ३५ लिहिलंय.

सानप काका: मग आधी ती दोन कामं. ब्लोअर फुल केला की १०-१५ अँपिअर जातात, कंडेन्सरचा पंखा जवळपास तेवढेच घेतो, कॉम्प्रेसर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचचे ३-४ वेगळे. त्यात रात्रीचे हेडलाइट. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अल्टरनेटर ३५ पण देत नाही, बॅटरी उतरणारच. आणि कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. आत्ता चढावर तापमानाचा काटा वर जात असेल तर एसी लावल्यावर गाडी उकळेल.

वैशाली वहिनी (बी-४०३): काका, एसी लावला की जुनी गाडी ओढतच नाही म्हणतात. खरं का?

सानप काका: छोट्या इंजिनाला जाणवतंच. कॉम्प्रेसर फिरवायची ताकद शेवटी इंजिनच्याच खिशातून जाते. सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून कार्ब्युरेटरला आयडल-अप लावतात. क्लच लागला की तो थ्रॉटल किंचित उघडून धरतो. किटमध्ये नसेल तर वेगळा घे.

समीर: अमेय, माझ्या ओळखीत जुन्या गाडीचा काढलेला कॉम्प्रेसर पडलाय. बघू का?

सानप काका: नको! तो एसीत आर-१२ गॅस भरायचे त्या काळातला असणार. ओझोनपायी तो गॅस गेला, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर. त्यात मिनरल ऑइल असायचं, ते आताच्या आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. तेल पाईपात नि कॉइलमध्ये साठतं, कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. नव्या कॉम्प्रेसरवर जे तेल लिहिलंय तेच घालायचं. आणि कुणी स्वस्तात एलपीजी भरून देतो म्हणालं तर तिथून निघ. कॉइल गळली तर तो गॅस थेट तुमच्या नाकाखाली, बंद काचांच्या आत.

अमेय: कळलं काका. सुरुवात कुठून करू?

सानप काका: ब्रॅकेटपासून. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाणार आणि जाऊ दे. क्रँकची, म्हणजे इंजिनाची, पुली आणि कॉम्प्रेसरची पुली एका रेषेत हवी. स्टीलची लांब पट्टी दोन्हींच्या तोंडावर आडवी टेकवून बघ. जराशी तिरकी असली तरी पट्टा किंचाळतो, कडेने झिजतो. मग कॉइल आणि कंडेन्सर जागेवर लाव. पाईप फक्त तात्पुरते अडकव. एक्झॉस्टपासून लांब, बॉनेट लावून बघायचं, स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघायचं. फिटिंगचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते पाईपावर टेप लावून खूण करून ठेव आणि क्रिम्पिंग, म्हणजे पाईपावर फिटिंग दाबून बसवणं, बाहेरून करून आण. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून (फायरवॉल) पाईप जातो तिथे रबरी ग्रोमेट हवाच. ओ-रिंगला तेल लावून बसव. नट आवळताना दोन पाने (स्पॅनर) लाव, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाईप पिळवटतो. पंखा आणि क्लच रिलेवरून, प्रत्येकाला आपापला फ्यूज. प्रेशर स्विच विसरू नको. गॅस कमी झाला की तोच क्लचचा करंट तोडतो, म्हणून कॉम्प्रेसर वाचतो.

वैशाली वहिनी: आमच्या आधीच्या गाडीत पायाशी पाणी यायचं, मॅट कायम ओली. ते कशाने?

सानप काका: कॉइलच्या ड्रेन पाईपमुळे. उतार नसेल, नाहीतर कचरा अडकला असेल. अमेय, डॅशबोर्ड परत लावायच्या आधी ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघ. हीटर असेल तर त्याच्या गरम पाण्याच्या पाईपला बंद होणारा कॉक टाक. जुन्या गाड्यांत तो नीट बंद होत नाही, मग एक बाजू गार करते आणि दुसरी तापवते.

अमेय: आणि गॅस? यूट्यूबवर लोक कॅनने भरतात.

सानप काका: तेवढं वर्कशॉपकडे दे. ड्रायरची झाकणं सगळ्यात शेवटी काढायची, नाहीतर हवेतली ओल पिऊन तो आधीच भरतो. मग पंपाने आतली हवा ओढून गेजवर २९ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास व्हॅक्यूम. एवढ्या व्हॅक्यूमला पाणी २५-२६ अंशांनाच उकळतं, म्हणून आतली ओल वाफ होऊन निघून जाते. ती राहिली तर गॅसशी मिळून ॲसिड होतं, शिवाय कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. पंप बंद करून अर्धा तास काटा हलला नाही, तरच गॅस. तोही वजनावर, अंदाजाने नाही. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते. डोळ्यांचं तर बोलूच नको.

सेक्रेटरी (ए-३०१): अमेय, काम करा, हरकत नाही. फक्त शेजारच्या स्लॉटमध्ये सामान पसरू नका, आणि पार्किंगमध्ये गॅस सोडायचा नाही.

सानप काका: हवेत कुठेच सोडायचा नाही. कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त तापवतो तो. वर्कशॉपवाले मशीनने ओढून घेतात.

अमेय: ठरलं. आधी रेडिएटर आणि अल्टरनेटर, किट नंतर. काका, ब्रॅकेटच्या दिवशी याल ना खाली?

सानप काका: येतो. पट्टी आहे का तुझ्याकडे?

समीर: माझ्याकडे आहे, एक मीटरची. गेल्या खेपेला दिलेला ड्रिल आधी परत आण.