'द नाइटिंगेल': बिलीला शेवटचा का केलं?

रानवाट:
काल 'द नाइटिंगेल' (२०१८) पाहिला. १८२५ सालचं तस्मानिया, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, तेव्हाचं व्हॅन डीमन्स लँड. क्लेअर ही आयरिश कैदी. तिचा नवरा आणि तान्हं बाळ मारलं जातं, आणि त्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मागावर ती बिली या आदिवासी वाटाड्याला घेऊन निघते. (पुढे शेवट सांगतोय, पाहायचा असेल तर इथेच थांबा.) सिनेमा ताकदीचा आहे, पण शेवट मला खुपला. बिलीची माणसं मारली गेलीत, जखमी बिली समुद्रकाठी बसतो, सूर्य उगवतो. पाहणाऱ्याच्या मनात ठसा उरतो तो 'हा शेवटचा' असा. तस्मानियाबद्दल हेच खोटं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं! १८७६ मध्ये त्रुगानिनी ही आदिवासी बाई वारली तेव्हा तिथल्या आदिवासींचा वंश संपल्याचं जाहीर झालं. तिचा सांगाडा १९४७ पर्यंत होबार्टच्या संग्रहालयात लोकांना दाखवायला ठेवला होता. आणि तेव्हा बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर, सील मारणाऱ्यांनी पळवून नेलेल्या आदिवासी बायकांची नातवंडं-पतवंडं नांदत होती.

सांजवारा:
रानवाट, तुम्ही शेवटातलं गाणंच सोडून दिलंत. बिली बोलतो ती पलावा कानी, तस्मानियाच्या आदिवासींची भाषा. जुन्या नोंदींतले शब्द आणि घराघरांत टिकलेल्या आठवणी जमवून तिथल्या आदिवासींनीच १९९० च्या दशकापासून ती पुन्हा उभी केली. फॅनी कोक्रेन स्मिथ या तिथल्याच आदिवासी बाईने १८९९ आणि १९०३ मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर (तेव्हाचं ध्वनिमुद्रण) गाणी म्हणून ठेवली नसती, तर त्या भाषांचा एकही आवाज आज आपल्या कानांवर पडला नसता. पडद्यावर ती भाषा ऐकू येते, यातच 'संपले' या दाव्याचं उत्तर आहे.

रानवाट:
ज्याला हे ठाऊक आहे त्याला. खालच्या ओळी वाचत पाहणाऱ्याला काय कळणार?

दर्यावर्दी:
मला वेगळंच विचारायचंय. गोऱ्यांशी लढणारे आदिवासी सिनेमात कुठे आहेत? तिथला ब्रिटिश गव्हर्नर आर्थर, त्याला १८२८ मध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. १८३० मध्ये सुमारे २,२०० माणसांची साखळी करून त्याने आदिवासींना पकडायला रान विंचरलं, आणि हाती लागले दोघे. इतकं झुंजवलं त्यांनी! टोंगरलोंगेटरसारख्या पुढाऱ्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? १८३१ च्या शेवटच्या दिवशी त्याने आणि माँटपेलिआटा या दुसऱ्या पुढाऱ्याने लढाई थांबवली, तेव्हा दोघांची मिळून २६ माणसं उरली होती. अशा लोकांची गोष्ट एका गोऱ्या बाईच्या सुडाला बांधून का सांगायची?

सांजवारा:
तुम्ही सांगताय ते सगळं १८२५ नंतरचं. शिवाय बिली तिच्या सुडाला बांधलेला राहत नाही, शेवटचा घाव तोच घालतो. आणि म्हाताऱ्याच्या घरचं ते जेवण आठवा. बिलीला टेबलाशी बसवतात, आणि तो रडत म्हणतो की हा माझा देश आहे, हे माझं घर आहे. त्या क्षणी क्लेअरची गोष्ट कुठल्या कुठे जाते. मी तिथे थांबवून पाणी प्यायले.

दर्यावर्दी:
प्रसंग मोठा आहे, मान्य. पण त्या घरातही कुणीतरी गोऱ्याने 'बस' म्हटल्यावरच तो बसतो.

रानवाट:
त्या जेवणापुढे मीही निरुत्तर आहे. म्हणूनच शेवट जास्त लागतो. ज्याच्या तोंडून 'हे माझं घर' इतकं स्पष्ट आलं, त्याला किनाऱ्यावर एकटं सोडायला नको होतं. माणसांकडे परतणारा एक बिली मला पाहायचा होता.